मूळ संख्या आणि सहमूळ संख्या

८ आणि १५ सहमूळ आहेत, असं फळ्यावर लिहिलं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, 'सर, ८ मूळ नाही, १५ पण नाही, मग दोन्ही सहमूळ कशा काय?' प्रश्न रास्त आहे. नावच असं आहे की दोन मूळ संख्या शेजारी बसल्यासारखं वाटतं.

मूळ असणं हा एका संख्येचा गुण आहे: ती १ पेक्षा मोठी हवी, आणि १ व ती स्वतः सोडून तिला दुसरा विभाजक नको. सहमूळ असणं हे दोघींमधलं नातं आहे: त्यांचा मसावि १ हवा. नुसतं '१५ सहमूळ आहे' म्हटलं तर लगेच विचारायचं, कुणाशी?

आपल्या नागपूरचेच पिनकोड घ्या. जीपीओचा ४४०००१. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो, मूळ नाही. त्याच्या पुढचा ४४०००२ सम, तोही मूळ नाही. तरी दोन्ही सहमूळ! कारण दोघांना भागणारी संख्या त्यांच्या फरकालाही भागते, आणि फरक आहे १. आता शंकरनगरचा ४४००१० घ्या. जीपीओशी फरक ९, आणि ९ ने दोन्हींना भाग जातो, म्हणून मसावि नेमका ९. एकाही संख्येचे अवयव पाडावे लागले नाहीत. युक्लिडची रीत हीच, आणि मला ती फार आवडते: मूळ आहे का हे तपासणं मोठ्या संख्येला जड जातं, पण सहमूळ आहेत का हे वजाबाकी-भागाकारात कळतं.

१ मूळ नाही, पण प्रत्येक संख्येशी सहमूळ आहे. तेवढं लक्षात असू द्या.

खरे मार्क जातात ते फर्माच्या छोट्या प्रमेयात. फर्माने ते १६४० मध्ये एका पत्रात मांडलं: प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. मुलं बघतात की २ आणि १५ सहमूळ आहेत, आणि २ च्या १४ व्या घाताला १५ ने भागून बाकी १ लिहून मोकळी होतात. करून बघा: १६३८४ मधून १६३८० गेले, बाकी ४. इथे १५ मूळ असायला हवी होती. २ शी नुसतं सहमूळ असून चालत नाही.

फक्त सहमूळ असण्यावर चालतं ते ऑयलरचं प्रमेय. त्यात घात म्हणून १५ पर्यंतच्या, १५ शी सहमूळ असलेल्या संख्या मोजायच्या: १, २, ४, ७, ८, ११, १३, १४. आठ झाल्या. २ चा आठवा घात २५६, बाकी १. आणि ती यादी पुन्हा एकदा बघा: ४, ८, १४ मूळ नसून आत आहेत, ३ आणि ५ मूळ असून बाहेर.