‘एका खोलीला एक बंडल’ हा हिशोब कुठून आला?

जुन्या घराची वायरिंग बदलायची म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, ‘खोलीमागे एक बंडल धरा, झालं.’ हे गणित चुकीचं आहे. वायर खोलीच्या आकारावर संपत नाही, ती पॉइंट (दिवा, पंखा, सॉकेटच्या जागा) किती आणि डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीपासून) किती लांब यावर संपते.

एसीचाच पॉइंट घ्या. डीबीपासून वर छतापर्यंत ४ फूट, छताकडेने २४ फूट, खाली सॉकेटपर्यंत ३ फूट, दोन्ही टोकांना जोडणीसाठी एकेक फूट. झाले ३३ फूट, म्हणजे साधारण १० मीटर. पण फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारा जातात, म्हणून ३० मीटर. लोक अंतर सरळ टेपने जमिनीवर मोजतात आणि तिथेच फसतात. ९० मीटरच्या बंडलाचा तिसरा हिस्सा एकाच पॉइंटने खाल्ला!

शिवाय बंडल एकाच रंगाचं आणि एकाच जाडीचं. दिव्या-पंख्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५, एसी-गीझरला बहुधा ४ चौरस मिलिमीटर. न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. त्यामुळे एकूण मीटर जुळले तरी बंडलं जुळत नाहीत. (काही दुकानदार मीटरवर कापून देतात, आधी विचारा.)

वायरमनला सोबत घ्या, भिंतीवर खडूने पॉइंट मांडा, प्रत्येकाचा रस्ता मोजा, मग सुमारे १० टक्के जास्त धरा. पाइप, बॉक्स, एमसीबीची (जास्त भार आला की वीज तोडणाऱ्या स्विचची) यादीही त्याच फेरीत निघते.