जुन्या मोटारींतील प्रज्वलन-सुधारणा आणि टॅकोमीटर

बॅटरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरमधील (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागातील) पॉइंट, म्हणजे उघडमिट करणारे संपर्क, यांवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल मोटारीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन (प्रज्वलन) बसवताना, इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर बिनचूक चालू ठेवण्याच्या कामाचा विचार या नोंदीत, सोलापुरातील हौशी मालकांना डोळ्यांसमोर ठेवून, केला आहे. टॅकोमीटरला फेरे कळवणारा स्वतंत्र संकेत बहुधा नसतो. तो कॉइलच्या परिपथातील स्पंदने मोजून फेरे दाखवतो, म्हणून ठिणगी पाडण्याची रीत बदलली की काटा थरथरतो, दुप्पट दाखवतो किंवा शून्यावर पडून राहतो.

अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास रूढ केलेली मूळ रचना साधी आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून तीन-चार अँपियर प्रवाह वाहतो. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमने पॉइंट उघडले की तो एकाएकी तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगला ठिणगी पडते. त्याच क्षणी कॉइलच्या ऋण टोकावरही काही शे व्होल्टची उसळी येते. चार सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १००. पॉइंटची टोके जळतात, फायबरची टाच झिजते, सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवलेली गॅप कमी होते आणि तिच्याबरोबर टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षणही, सरकते. सुधारणेची गरज येथूनच निर्माण होते.

सुधारणेचे साहित्य विकत घेण्यापूर्वी आपला टॅकोमीटर नेमके काय मोजतो हे ठरवणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात हा क्रम बहुतेकदा उलटा होतो आणि पुढच्या बऱ्याच कटकटी त्यातूनच येतात. केबलवर चालणाऱ्या यांत्रिक टॅकोमीटरला इग्निशनशी कर्तव्य नसते. मात्र त्याची केबल डिस्ट्रिब्युटरमधून निघत असेल, तर आख्खा डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर ती जोडायला जागा उरत नाही. काही जुन्या जॅग्वार गाड्यांत कॅमशाफ्टवर चालणारा छोटा जनित्र टॅकोमीटरला विद्युत संकेत पुरवतो; तेथेही इग्निशन बदलल्याने बिघडत नाही. उरलेल्या विद्युत टॅकोमीटरांचे प्रवाह मोजणारे आणि दाब मोजणारे असे दोन वर्ग पडतात. ब्रिटिश गाड्यांमधील स्मिथ्स कंपनीच्या साधनांवर ‘आरव्हीआय’ किंवा ‘आरव्हीसी’ ही अक्षरे तबकडीवर छापलेली असतात आणि त्यांवरून वर्ग लगेच कळतो.

आरव्हीआय हा प्रवाह मोजणारा प्रकार १९६० च्या दशकातील गाड्यांत सर्रास आढळतो. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारी तार आधी मीटरच्या गाभ्याभोवती एक वेढा घेते आणि प्रवाहाच्या प्रत्येक चढउताराबरोबर मीटरमधील ट्रान्झिस्टर परिपथ एक ठरावीक स्पंदन काट्याकडे पाठवतो. वेढ्याची दिशा महत्त्वाची असते. धन-अर्थ गाडी (जिच्या सांगाड्याला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते) ऋण-अर्थ केली की वेढा उलटवावा लागतोच, शिवाय मीटरच्या आतील पुरवठ्याची जोडणीही बदलावी लागते. त्यानंतर आलेला आरव्हीसी आणि आज बाजारात मिळणारे बहुतेक तीन-तारी टॅकोमीटर कॉइलच्या ऋण टोकावरील दाबाची उसळी मोजतात.

डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली पॉइंटच्या जागी बसणारे हॉल-परिणामाचे (चुंबकाची हालचाल ओळखणारे) किंवा प्रकाशकिरणावर चालणारे मॉड्यूल ही सर्वांत सोयीची सुधारणा होय. येथे कॉइल तीच राहते. प्रवाह तोडण्याचे काम पॉइंटऐवजी ट्रान्झिस्टर करतो. त्यामुळे दाब मोजणारा टॅकोमीटर कॉइलच्या ऋण टोकावर पूर्वीसारखाच जोडता येतो आणि सहसा तक्रार उरत नाही. आरव्हीआयच्या बाबतीत मॉड्यूलचा स्वतःचा पुरवठा वेढ्याच्या अलीकडून, म्हणजे स्विचच्या बाजूने घ्यावा, जेणेकरून वेढ्यातून फक्त कॉइलचा प्रवाह जाईल. तरीही काटा नाचत असेल, तर जुनी तबकडी आणि काटा ठेवून आतील परिपथ आधुनिक, दाब मोजणारा करून घेणे हा टिकाऊ मार्ग आहे. वाहनाचे बाह्यरूप त्याने बिघडत नाही. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला मिळणारा दाब कमी करणारा रोध) असलेल्या गाडीत मॉड्यूलला पूर्ण बारा व्होल्ट रेझिस्टरच्या आधीच्या टोकावरून द्यावेत आणि कॉइलचा रोध मॉड्यूलच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी नसावा.

कपॅसिटर-विसर्जन पद्धतीचा, म्हणजे सीडीआयचा, मामला वेगळा आहे. यात पेटी बॅटरीचा दाब काही शे व्होल्टपर्यंत वाढवून कपॅसिटरमध्ये साठवते आणि तो एका झटक्यात कॉइलमध्ये सोडते. काही पेट्या कमी वेगात एकाच आवर्तनात अनेक ठिणग्या पाडतात. अशा कॉइलच्या टोकाला टॅकोमीटर जोडल्यास आकडे चुकतातच, शिवाय मीटर जळण्याचा धोकाही असतो. संकेत पेटीवरील टॅकोमीटरसाठीच्या स्वतंत्र टोकावरूनच घ्यावा. आरव्हीआयच्या वेढ्यातून आता पेटीला लागणारा प्रवाह वाहतो आणि त्याचा ठिणग्यांशी एकास-एक मेळ नसतो, म्हणून तेथे प्रवाह-संवेदी मीटरसाठी बनवलेला अडॅप्टर लावण्यावाचून गत्यंतर नाही. मूळ स्थितीतील चार-सिलिंडर इंजिनाला सीडीआयची गरज क्वचितच भासते.

डिस्ट्रिब्युटर काढून दोन जोड-कॉइल (प्रत्येकी दोन प्लगना एकाच वेळी ठिणगी देणाऱ्या) बसवल्या, तर प्रत्येक कॉइल क्रँकच्या एका फेऱ्यात एकदाच चालते आणि एकीवर जोडलेला टॅकोमीटर निम्मे फेरे दाखवतो. दोन्ही कॉइलचे संकेत डायोडमधून एकत्र आणणे किंवा नियंत्रक संगणकाचे टॅकोमीटर-टोक वापरणे हे यावरील उपाय होत. जुन्या मीटरला त्या टोकाचे बारा व्होल्ट अपुरे पडल्यास, ते टोक आणि धन पुरवठा यांच्यामध्ये रिलेचे वेटोळे जोडून आवश्यक ती उसळी निर्माण करता येते.

सोलापूरचा या विषयाशी संबंध जुन्या गाड्यांच्या इतिहासातूनच येतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती आणि पुढे १०८९ घनसेंमी इंजिनाची पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनीच्या मूळ डॅशबोर्डावर टॅकोमीटर नसे. त्यामुळे येथील हौशी मालकांपुढे येतो तो बहुधा मागाहून बसवलेला तीन-तारी मीटर, आणि त्याचा मागचा सिलिंडर-निवडीचा स्विच चारवर आहे की नाही हे आधी पाहिल्यास अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात. शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. म्हणून बाहेरची पेटी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, हवेशीर जागी आणि अर्थ-तार थेट इंजिनाला जोडून बसवणे हितावह ठरते. इंजिन बंद असताना स्विच चालू ठेवू नये, कारण काही मॉड्यूल कॉइलमधून प्रवाह वाहू देतात आणि दोन्ही भाजतात.

जोडणी झाल्यावर टायमिंग स्ट्रोब दिव्याने पुन्हा लावावे लागते, कारण पॉइंट आणि मॉड्यूल यांचे तुटण्याचे क्षण जुळतीलच असे नाही. टॅकोमीटरची पडताळणी मात्र फेरे दाखवणाऱ्या टायमिंग लाइटशी किंवा पुलीवर परावर्ती पट्टी चिकटवून प्रकाशकिरणी टॅकोमीटरशी, निष्क्रिय गतीवर आणि नंतर सुमारे ३००० फेऱ्यांवर अशी दोनदा करावी. खालच्या गतीला अचूक आणि वरच्या गतीला उड्या मारणारा काटा बहुधा प्लगच्या तांब्याच्या तारांमुळे होणारा विद्युत गोंगाट दाखवतो. रोधयुक्त तारा बसवून, संकेताची तार प्लगच्या तारांपासून लांबून नेली की तो शमतो. दोन्ही गतींवर सारख्याच प्रमाणात चूक येत असेल, तर आधी सिलिंडर-निवड आणि मग मीटरमधील समायोजनाचा स्क्रू तपासावा. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीतील हत्यारांच्या पिशवीत ठेवावेत. पुणे-हैदराबाद महामार्गावर मॉड्यूलने दगा दिला, तर फिलर गेज (गॅप मोजण्याची पातळ पट्टी) आणि पेचकस एवढ्यावर गाडी पुन्हा सुरू करता येते, आणि कॉइलवर जोडलेला टॅकोमीटर तेव्हाही चालतो.