टाचेने मारलेला एक गोल आणि त्यामागची एकोणीस वर्षं

२७ एप्रिल १९७४, शनिवार. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर युनायटेड आणि सिटी हे फुटबॉल क्लब, म्हणजे एकाच शहरातले दोन सख्खे वैरी, समोरासमोर होते. मॅच संपायला दहाएक मिनिटं उरली तरी गोलफलक कोराच होता. फ्रान्सिस लीने बॉल गोलसमोर ढकलला. तिथे गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या सिटीच्या चौतीस वर्षांच्या आघाडीवीराने मागे न बघता नुसती टाच लावली आणि बॉल गोलरक्षक अलेक्स स्टेपनीला चुकवून जाळ्यात गेला. सहकारी धावत आले, कुणी गळ्यात पडलं, कुणी केस विस्कटले. गोल करणारा मात्र हात खाली सोडून, घरात काहीतरी वाईट घडल्यासारखा चेहरा करून मधल्या रेषेकडे चालत निघाला. त्याला लगेच बदलून बाहेर घेतलं. थोड्या वेळाने प्रेक्षक मैदानात घुसले आणि मॅच पुरी झालीच नाही. निकाल मात्र तोच, १-०, कायम धरला गेला.

हा माणूस डेनिस लॉ. अकरा वर्षं तो याच मैदानावर युनायटेडच्या लाल जर्सीत खेळला होता. गोल केला की एक हात सरळ वर, बोटात शर्टाची बाही घट्ट धरलेली, ही त्याची खूण. त्या दिवशी तो हात वर गेला नाही.

या गोलाची गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते: लॉने आपल्याच जुन्या क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकललं. ऐकायला चटकदार आहे, पण खरं नाही. लीगच्या तळाला राहिलेले क्लब हंगामाअखेर खालच्या श्रेणीत जात. त्यातून वाचायच्या शर्यतीतल्या बर्मिंगहॅमने त्याच दुपारी नॉरिचला हरवलं होतं, त्यामुळे ओल्ड ट्रॅफर्डवर काहीही झालं असतं तरी युनायटेड खाली जाणारच होतं. खरा प्रश्न वेगळा आहे. युनायटेडचा लाडका लॉ त्या दिवशी सिटीच्या निळ्या जर्सीत होताच कशाला? त्याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर पौंडांचा एक आकडा भेटतो.

सुरुवात स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ॲबर्डीनमध्ये. २४ फेब्रुवारी १९४० चा जन्म, सात भावंडांतलं शेंडेफळ. वडील मासेमारीच्या ट्रॉलरवर काम करत. फुटबॉलचे पहिले बूट शेजाऱ्यांनी दिले म्हणून मिळाले. अभ्यासात बरा होता, चांगल्या ग्रामर स्कूलमध्ये जागाही मिळत होती. पण तिथे फुटबॉल नाही, रग्बी खेळावं लागेल हे कळल्यावर गड्याने ती शाळाच नको म्हटलं. डोळ्यात तिरळेपणा असल्याने जाड चष्मा. खेळताना चष्मा काढून ठेवायचा आणि तिरळा डोळा मिटून एकाच डोळ्याने बॉल बघायचा.

१९५५ च्या वसंतात ॲबर्डीनचा क्लब इतिहासात पहिल्यांदा स्कॉटिश लीगचा विजेता ठरला. नेमका त्याच सुमाराला गावातला हा पंधरा वर्षांचा पोरगा रेल्वेत बसून इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या क्लबात दाखल व्हायला निघाला होता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

पण स्कॉटिश मुलाने इंग्लंडची वाट धरणं यात नवल काहीच नव्हतं. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोत झाला, स्कॉटलंड आणि इंग्लंड ०-०. इंग्रज तेव्हा बॉल पायात ठेवून एकट्याने मुसंडी मारत. स्कॉटिश मंडळी एकमेकांना पास देत खेळत. ही पासची विद्या इंग्लंडमधल्या गिरणीमालकांच्या क्लबांना इतकी भावली की त्यांनी स्कॉटिश खेळाडूंना पैसे देऊन न्यायला सुरुवात केली, आधी गुपचूप आणि १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाल्यावर राजरोस. त्यांना ‘स्कॉच प्रोफेसर’ असं नावच पडलं. स्कॉटलंडने स्वतः पगारी खेळ मान्य केला तो १८९३ मध्ये. तोवर गुणी पोरं सीमा ओलांडून गेलेली. हडर्सफील्डचा तर ॲबर्डीनशी जुना धागा होता. १९२५ मध्ये ॲबर्डीनहून ॲलेक्स जॅक्सन नावाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू, तिथे गेला होता आणि १९२८ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ असं लोळवलं तेव्हा त्यातले तीन गोल त्याचे होते. लॉ चालला होता ती मळलेली वाट होती.

हडर्सफील्डचे मॅनेजर अँडी बीटी यांनी मात्र त्याला पहिल्यांदा पाहून कपाळावर हात मारला. इतकं काटकुळं, चष्मिस ध्यान फुटबॉल काय खेळणार, असा त्यांचा सूर होता. तरी ठेवून घेतलं. क्लबमध्ये असतानाच डोळ्याचं ऑपरेशन झालं, चष्मा गेला, दोन्ही डोळे उघडून खेळता येऊ लागलं. आधी सहायक आणि मग मॅनेजर झालेले बिल शँक्ली, तेही स्कॉटिश, त्यांनी पोराला दूध आणि मांसाच्या खुराकावर धरलं. २४ डिसेंबर १९५६ ला नॉट्स काउंटीविरुद्ध तो पहिल्यांदा मुख्य संघात उतरला तेव्हा वय होतं सोळा. त्याच काळात मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर मॅट बझबी यांनी दहा हजार पौंड देऊ केले होते. हडर्सफील्डने नकार दिला.

बझबी त्याला विसरले नाहीत. फेब्रुवारी १९५८ मधल्या म्युनिकच्या विमान अपघातात त्यांचे आठ खेळाडू गेले, ते स्वतः मरणाच्या दारातून परत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडे असताना कार्डिफला वेल्सविरुद्ध त्यांनी अठरा वर्षांच्या लॉला खेळवलं. पहिला गोल निव्वळ नशिबाचा: समोरच्या खेळाडूने मारलेला बॉल लॉच्या डोक्यावर आदळून गोलमध्ये गेला.

इथून आकडे सुरू होतात. शँक्ली लिव्हरपूलला गेले, त्यांना लॉ हवा होता, पण क्लबच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. मार्च १९६० मध्ये मँचेस्टर सिटीने ५५,००० पौंड मोजले. ब्रिटनमधला तो तेव्हाचा उच्चांक. खेळाडूच्या आठवड्याच्या पगारावर मात्र वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. क्लब एकमेकांना हजारो देणार, आणि ज्याच्यासाठी देणार त्याने विसावर समाधान मानायचं! जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिली तेव्हा कुठे ही मर्यादा उठली. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे, तो नियम मात्र तसाच राहिला.

त्याच जानेवारीतली एक मॅच सांगायलाच हवी. एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सिटीची गाठ ल्यूटनशी होती. पाऊस कोसळत होता, मैदानाची चिखलणी झालेली. ल्यूटन २-० ने पुढे गेलं आणि मग लॉ सुटला. एक, दोन, तीन करत त्याने सहा गोल केले. ६-२. एकोणसत्तराव्या मिनिटाला रेफ्रींनी हात टेकले आणि मॅच रद्द केली. रद्द म्हणजे रद्द, सहाही गोल पाण्यात. पुन्हा झालेल्या मॅचमध्ये लॉने सिटीचा एकमेव गोल केला आणि ल्यूटन ३-१ ने जिंकलं. सात गोल करून माणूस स्पर्धेबाहेर! एफए कपमधले त्याचे अधिकृत गोल ४१. पुढे इयान रशने ४४ करून त्याला मागे टाकलं. ते सहा धरले असते तर हिशेब काय झाला असता, हे लॉचे चाहते अजून बोटांवर मोजून दाखवतात.

१९६१ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या तुरिन शहराच्या तोरीनो क्लबने १,१०,००० पौंड दिले. पगार, बोनस, कपडे, सगळंच वेगळं. पण तिथला बचाव म्हणजे पाठीला चिकटलेला माणूस. लाथा खाऊन घोटे सोलून निघत. फेब्रुवारी १९६२ मध्ये सहकारी जो बेकर गाडी चालवत असताना तुरिनच्या एका चौकात ती उलटली. बेकर मरता मरता वाचला, लॉला फारसं लागलं नाही. एप्रिलमध्ये नापोलीविरुद्ध लॉला मैदानाबाहेर काढलं गेलं. थ्रो-इन (बाहेर गेलेला बॉल हाताने आत टाकणं) घ्यायचा नाही असं प्रशिक्षकांनी बजावलं असताना याने घेतला, म्हणून त्यांनी स्वतःच रेफ्रींना त्याला काढायला सांगितलं होतं, असं नंतर बाहेर आलं. लॉने परत ब्रिटनला जायचं म्हटलं तर क्लब त्याला परस्पर युव्हेंटसला विकायला निघाला. हा सरळ विमानात बसून ॲबर्डीनला घरी. शेवटी जुलै १९६२ मध्ये युनायटेडने १,१५,००० पौंड भरून त्याला आणलं. दहा हजारांना नाकारलेला मुलगा बझबींना सहा वर्षांनी साडेअकरा पट किमतीला मिळाला.

पुढची पाचसहा वर्षं म्हणजे दिवाळीच. पहिल्याच मॅचमध्ये सातव्या मिनिटाला गोल. १९६३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्ध गोल. १९६३-६४ च्या हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून ४६ गोल, युनायटेडचा एका हंगामातला विक्रम. १९६४ मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑर. हा मान मिळालेला आजवरचा एकमेव स्कॉटिश खेळाडू तोच. १९६५ आणि १९६७ मध्ये लीग जिंकली. उंची बेताचीच, पण हेडरसाठी उडाला की हवेत टांगल्यासारखा थांबायचा. ॲमस्टरडॅममधल्या एका बापाने त्याच्यावरून मुलाचं नाव डेनिस ठेवलं; तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याने इंग्रजीत एकच ‘n’ लिहायला नकार दिला म्हणून ते दोन ‘n’चं झालं. तो मुलगा म्हणजे पुढे नावाजलेला डच फुटबॉलपटू बर्गकॅम्प.

स्कॉटलंडसाठी तर वेगळंच वारं अंगात शिरायचं. ५५ सामन्यांत ३० गोल. हा विक्रम केनी डॅलग्लिशने गाठला, पण तो एकूण १०२ सामने खेळला. १९६१ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडने ९-३ असं तुडवलं त्या संघात लॉ होता आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. ३० जुलै १९६६ ला इंग्लंड विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत असताना हा मुद्दाम गोल्फ खेळायला गेला; परतल्यावर कळलं की इंग्लंड जिंकलं. पुढच्या एप्रिलमध्ये वेम्बलीवर पहिला गोल त्यानेच केला आणि स्कॉटलंडने जगज्जेत्यांना ३-२ ने हरवलं. स्कॉटलंडचाच जिम बॅक्स्टर त्या दिवशी बॉल पायावर नाचवत इंग्रजांची फिरकी घेत होता. लॉचं म्हणणं, खेळ कसले करता, आणखी गोल मारा, त्या नऊंची परतफेड करायची आहे. मला यात लॉच बरोबर वाटतो, पण स्कॉटिश माणसाला विचाराल तर तो बॅक्स्टरचाच किस्सा आधी सांगेल.

या वैभवातही तो क्लबचा नोकर होता. १९६६ मध्ये करार वाढवताना त्याने पगारवाढ मागितली, नाहीतर मला जाऊ द्या म्हणाला. बझबींनी त्याला तडक विक्रीच्या यादीत टाकलं आणि कुठलाही खेळाडू या क्लबला वेठीस धरू शकणार नाही, असं जाहीर केलं. लॉ भेटायला गेला तर टेबलावर माफीनामा लिहून तयार. त्याने सही केली, तो कागद पत्रकारांना दाखवला गेला. आणि पगारवाढ? ती बझबींनी गुपचूप दिली, असं लॉने पुढे सांगितलं. इतर खेळाडूंना धडा मिळाला, लॉला पैसे मिळाले, क्लबची अब्रू राहिली. बझबी वडीलधारे होते ते असे.

मग गुडघा गेला. १९६८ मध्ये युनायटेडने युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला तेव्हा लॉ मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये पलंगावर पडून टीव्हीवर मॅच बघत होता. १९७० मध्ये त्याला ६०,००० पौंडांना विकायला काढलं. एकाही क्लबने विचारलं नाही. बझबी बाजूला झाले, मॅनेजर एकामागून एक बदलले. १९७३ च्या उन्हाळ्यात तेव्हाचे मॅनेजर टॉमी डॉकर्टी यांनी त्याला विनामूल्य मोकळं केलं. लॉ तेव्हा ॲबर्डीनला होता. बातमी कळली ती तिथल्या पबमधल्या टीव्हीवरून. युनायटेडसाठी ४०४ सामने, २३७ गोल, आणि किंमत शून्य. घर, बायको-मुलं मँचेस्टरमध्ये. त्याच शहरातल्या सिटीने बोलावलं तर तो नाही कशाला म्हणेल?

म्हणून २७ एप्रिलला तो निळ्या जर्सीत होता. एकोणीस वर्षं गोल करण्यासाठी जिवाचं रान केलं आणि हा एक गोल मात्र झाला नसता तर बरं, असं त्याला वाटलं, हे त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवलं. १७ जानेवारी २०२५ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो गेला तेव्हा दोन्ही क्लबांनी त्याला निरोप दिला, तरी टीव्हीवाल्यांनी ती टाच दाखवलीच.

त्या टाचेनंतर तो लीगची मॅच खेळला नाही. जूनमध्ये डॉर्टमुंडला विश्वचषकात झैरविरुद्ध पूर्ण वेळ मैदानावर होता. स्कॉटलंड २-० ने जिंकलं, त्यात लॉचा गोल नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने बूट काढून ठेवले. त्यामुळे नोंदवहीत ‘लीगमधला शेवटचा गोल कुणाविरुद्ध’ या रकान्यात मँचेस्टर युनायटेड हेच नाव राहिलं.