नऊ खुंट्या, वीस सेकंद

टेबलावर एक छोटी फळी असते. तिच्यात तीन-तीनच्या ओळींत नऊ भोकं आणि शेजारी उथळ वाटीत जेमतेम 3 सेंटीमीटर लांबीच्या नऊ खुंट्या. एका हाताने एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, नऊ बसल्या की तशाच एकेक काढून वाटीत परत टाकायच्या. दुसऱ्या हाताने फळी धरून ठेवलेली चालते. पहिल्या खुंटीला बोट लागलं की स्टॉपवॉच सुरू, शेवटची वाटीत पडली की बंद. निरोगी तरुण माणूस हे साधारण 16 ते 20 सेकंदांत उरकतो.

पोरखेळ वाटतो, पण ही ‘नाइन होल पेग टेस्ट’ मेंदूविकारांच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं वापरली जाते. 1985 मध्ये मॅथिओवेट्झ आणि सहकाऱ्यांनी सहाशेहून अधिक निरोगी प्रौढांची वेळ मोजून वयानुसार तक्ते तयार केले. उजव्या हाताची सरासरी पुरुषांत सुमारे 19 आणि स्त्रियांत सुमारे 18 सेकंद आली. वय वाढतं तशी वेळही वाढते, त्यामुळे सत्तरीतल्या आजोबांची तुलना विशीतल्या नातवाशी करून घाबरायचं कारण नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांत मात्र त्याच माणसाची वेळ आधीपेक्षा 20 टक्क्यांनी वाढली, तर हात खरोखरच बिघडला असं सहसा मानतात.

या वीस सेकंदांत घडतं ते बरंच गुंतागुंतीचं आहे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू मुळात बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि दोरीसारख्या लांब कंडरांनी बोटं ओढतात. तळहातातले छोटे स्नायू ती ओढ नेमकी करतात, अंगठा बाकीच्या बोटांसमोर आणतात. या सगळ्यांना हुकूम मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, येतो. माकडांत आणि माणसांत तिथल्या काही चेतापेशी मधली ठाणी टाळून थेट मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात.

हा थेट मार्ग कशासाठी आहे, ते 1968 मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं. त्यांनी मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारा पिरॅमिडल मार्ग, ज्यात हे थेट तंतूही असतात, तो दोन्ही बाजूंनी छेदला. काही आठवड्यांत माकडं धावू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली. लांबून पाहणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटलंही नसतं. पण छोट्या खळग्यातला खाऊचा तुकडा एका बोटाने उकरून काढणं त्यांना पुन्हा जमलं नाही, सगळी बोटं एकत्रच मिटायची. मुठीत आलेला तुकडा सोडतानाही ती अडखळायची. गंमत म्हणजे चढताना गज सोडायला त्यांना काहीच अडचण येत नव्हती! म्हणजे ताकद शाबूत होती, गेलं होतं ते एकेक बोट सुटं वापरण्याचं कसब. फळीवरच्या नऊ भोकांत हेच कसब तपासलं जातं.

पण हुकूम देणारा मेंदू आणि पाळणारे स्नायू एवढ्यावर भागत नाही. तळहाताच्या बाजूच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 चेतातंतू असतात, आणि बोटांच्या टोकांशी त्यांची सर्वाधिक दाटी असते. स्वीडनमधल्या योहानसन आणि वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये लोकांना एक छोटी वस्तू चिमटीत धरून उचलायला दिली आणि तिचा पृष्ठभाग बदलत नेला: कधी सँडपेपर, कधी मऊ चामडं, कधी रेशीम. रेशमावर बोटांनी आपोआप जास्त दाब दिला, सँडपेपरवर कमी. दर वेळी वस्तू घसरणार नाही इतका दाब आणि वर थोडीशी शिल्लक, बस्स. हा हिशेब आपण जाणीवपूर्वक करत नाही. बोटांची टोकं बधिर केल्यावर तो कोलमडला.

म्हणूनच हातावर शस्त्रक्रिया करणारे एरिक मोबर्ग यांनी एक साधी चाचणी रूढ केली: टेबलावर पसरलेल्या छोट्या वस्तू उचलून डब्यात टाकायच्या, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. बधिर बोटांचा माणूस नजरेच्या आधाराने पहिली फेरी बऱ्यापैकी निभावतो. डोळे मिटले की तो चिमूट सोडून भलतीच बोटं वापरू लागतो. हातातली चेता (नर्व्ह) दबलेला एखादा रुग्ण ‘बघत असलो की वस्तू पडत नाहीत’ असं सांगतो, त्यामागे हेच कारण असू शकतं.

अशा चाचण्यांची सुरुवात दवाखान्यात झाली, असा समज सहज होईल, पण त्यातल्या काही जन्मल्या कारखान्यांत. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॉन्सन ओ’कॉनर यांनी बारीक जुळणीच्या कामासाठी माणसं निवडायला 100 भोकांची फळी वापरली, प्रत्येक भोकात तीन पिना. 1948 मध्ये जोसेफ टिफिन यांनी पर्ड्यू विद्यापीठातली पेगबोर्ड चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात 30 सेकंदांत उजव्या, डाव्या आणि मग दोन्ही हातांनी किती पिना बसतात ते मोजतात. शेवटी एका मिनिटात पिन, वॉशर, कॉलर (छोटी नळी), पुन्हा वॉशर अशी जुळणी करायची असते.

या फळीवर स्त्रिया सरासरीने पुढे असतात, आणि त्यावरून ‘बायकांचे हात मुळातच नाजूक कामासाठी घडलेले’ असे निष्कर्ष काढायची हौस अनेकांना आवरत नाही. 1990 मध्ये मायकेल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी बोटांची जाडीही मोजून हिशेबात धरली, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. जाड बोटांना बारीक पिना उचलणं जड जातं, एवढंच. आकडा मेंदूचा वाटतो आणि निघतो बोटाच्या घेराचा. या क्षेत्रात इतका शहाणा करून सोडणारा दुसरा निष्कर्ष मला तरी ठाऊक नाही.

स्टॉपवॉचचा आकडा कारण सांगत नाही, हीच त्याची मोठी मर्यादा आहे. खुंट्या लावायला 40 सेकंद लागली तर दोष नजरेचा, संधिवाताचा, लहान मेंदूचा की मनगटात दबलेल्या चेतेचा? इथे हात कसा चुकतो ते पाहणारा थेरपिस्ट किंवा डॉक्टर लागतो. लहान मेंदूच्या विकारात हात भोकाजवळ येताना जास्तच डगमगतो. पार्किन्सनमध्ये डॉक्टर अंगठ्यावर तर्जनी 10 वेळा, जमेल तितकी मोठी उघडून आणि भराभर टेकवायला सांगतात. पहिल्या दोन-तीन वेळा ठीक जमतं, मग अंतर आणि वेग आक्रसत जातो. मानेतला मज्जारज्जू दबला असेल तर मूठ भराभर उघडमीट करायला लावतात. 10 सेकंदांत साधारण 20 वेळा जमायला हवी, त्याहून बरीच कमी झाली तर मानेकडे पाहायचं. या कुठल्याच चाचणीचा निकाल एकटा वाचायचा नसतो. आणि एका हाताची सफाई अचानक गेली, सोबत बोलणं अडखळलं, चेहरा एका बाजूला ओघळला, तर फळी-बिळी न शोधता तडक रुग्णालय गाठायचं.

दुसरी अडचण सरावाची. पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला बहुतेकांची वेळ सुधारते, म्हणून आधी थोडा सराव देऊन मग मोजलेली वेळ जास्त विश्वासार्ह असते. शिवाय खुंट्या लावणं म्हणजे काही जगणं नव्हे. 1969 मध्ये आलेल्या जेब्सन चाचणीत म्हणूनच लिहिणं, पान उलटल्यासारखं कार्ड उलटणं, चमच्याने भरवल्यासारखं उचलणं, हलके-जड डबे हलवणं अशी सात कामं आहेत.

हल्ली फोनवर बोटं टेकवण्याची लय आणि कीबोर्डवर कळ किती वेळ दाबून राहते यावरून आजार लवकर ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. घरबसल्या रोज मोजता येतं, हा मोठाच फायदा. पण फोनच्या काचेवर बोट टेकवताना वस्तू घसरत नाही, तिला वजन नसतं, ती कितपत घट्ट धरायची हा प्रश्नच येत नाही. अशा चाचण्या वेगाबद्दल आणि लयीबद्दल भरपूर सांगतील, चिमटीबद्दल जवळजवळ काहीच नाही.