मेंदूतला रक्तस्राव : गुठळी किती मिलीची, यावर बरंच काही ठरतं

‘ब्रेन हॅमरेज’ हा शब्द ऐकताच घरचे लोक निम्मे खचतात. पण मेंदूतले सगळे रक्तस्राव सारखे नसतात. कॅलिफोर्नियात २००१ साली तयार झालेला ‘आयसीएच स्कोअर’ (आयसीएच म्हणजे इंट्रासेरेब्रल हॅमरेज, मेंदूच्या आतला रक्तस्राव) पाच गोष्टी पाहून गुण देतो: रुग्णाची शुद्ध, गुठळी ३० मिली किंवा जास्त आहे का, रक्त मेंदूतल्या पोकळ्यांत उतरलंय का, स्राव लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात आहे का, आणि वय ८० किंवा त्यावर आहे का. मूळ अभ्यासात १ गुण असलेल्यांपैकी १३ टक्के, तर ३ गुण असलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले होते.

यातली गुठळी मोजायची रीत फार सुंदर आहे. सीटी स्कॅनवर ती जिथे सर्वांत मोठी दिसते तिथली लांबी, तिला काटकोनातली रुंदी आणि किती काप व्यापले त्यावरून उंची घ्यायची. तिन्हींचा गुणाकार करून २ ने भागायचं. ४×३×३ सेंमी म्हणजे १८ मिली. प्रत्येक माप एकाच सेंटीमीटरने वाढलं, तर ५×४×४, म्हणजे ४० मिली! कवटी ताणली जात नाही, त्यामुळे ही वाढ थेट मेंदूला दाबते. आणि वाढ होतेच: सुमारे एक तृतीयांश रुग्णांत, बहुतेकदा पहिल्या काही तासांत. फुगणारी गुठळी शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या ताणून फाडत जाते, असं मानतात.

म्हणून वरचा रक्तदाब १५० ते २२० असेल तर तो लवकर, पण एकदम न आदळता, १४० च्या आसपास आणतात. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला त्यावरचा उतारा तातडीने लागतो; गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यायलाच हवी. गोव्यात काणकोण किंवा सत्तरी तालुक्यातून निघताना १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे होईल ते तेव्हाच विचारा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), बांबोळीला पोहोचेपर्यंत बोटांना सुई टोचून रक्त काढायचा व्हॉट्सॲपवरचा उपाय नको, त्यात निव्वळ वेळ जातो. हार्ट अटॅकसारखी ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नका, स्राव वाढू शकतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. स्कोअर पाहून पहिल्याच दिवशी उपचार आखडते घेतले, तर भाकीत आपोआप खरं ठरतं. निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत असा निर्णय टाळावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या दिवसांत, नीट गिळता न आल्याने घास फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनियाही जीव घेतो. गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडात चमचाभर पेजही घालू नका.