जमिनीखालचं दप्तर

12 जुलै 1973 रोजी अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागली. सहाव्या मजल्यावरच्या 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फाइली नष्ट झाल्या. पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा तिथे नव्हती. फाइलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या आणि मायक्रोफिल्मही नव्हती. ज्या जळाल्या नाहीत त्या बंबांच्या पाण्याने भिजल्या. त्यांना बुरशी लागू नये म्हणून हवा काढून घेतलेल्या मोठ्या कक्षांत त्या वाळवाव्या लागल्या. ज्यांची फाइल गेली, त्यांची सैन्यातली नोकरी मग पगाराच्या नोंदींसारख्या इतर कागदांवरून जुळवावी लागली.

ही आग आठवली की पेनसिल्व्हेनियातल्या बॉयर्स इथली खाण मला विचित्र वाटत नाही. चुनखडीच्या या जुन्या खाणीत, सुमारे 70 मीटर खोल, अमेरिकी केंद्र सरकारच्या मुलकी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीचे कागद 1960 पासून ठेवले जातात. दगड काढताना छत पेलण्यासाठी मूळ खडकाचेच जाडजूड खांब सोडलेले असतात. त्यांच्यामधल्या दालनांत कपाटांच्या रांगा आहेत आणि शेकडो माणसं रोज खाली उतरून काम करतात.

कागदाला खाण मानवते याचं कारण तापमान. दिवसाची ऊब जमिनीत जेमतेम मीटरभर झिरपते, ऋतूंचा फरकही दहा-पंधरा मीटरवर जवळपास संपतो. त्याखालचा खडक त्या भागाच्या वार्षिक सरासरी तापमानावर स्थिर राहतो. आता कागद बघा. तो सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. शाई फुटू नये म्हणून जुन्या कागदावर राळ आणि तुरटीच्या जातीचा क्षार वापरत. त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते ओलाव्याच्या मदतीने या साखळ्या तोडत जातं. म्हणूनच जुनं पान घडीवर तुटतं. ही क्रिया उष्णतेने वेग घेते. तापमान 5 अंशांनी उतरलं तर कागदाचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

दमटपणाचं मात्र बघावंच लागतं. उन्हाळ्याची हवा आत शिरली की गार खडकावर तिचं दव धरतं, म्हणून चुनखडीच्या खाणीत हवा कोरडी करणारी यंत्रं लागतात. इंग्लंडमध्ये विन्सफर्डला मिठाच्या खाणीत, सुमारे 150 मीटर खाली, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद आहेत. तिथली हवा मुळातच कोरडी असते.

पण खाण कागद टिकवते, तो शोधून देत नाही. बॉयर्समध्ये वर्षानुवर्षं फाइली हातगाड्यांवरून एका दालनातून दुसऱ्या दालनात जात राहिल्या, आणि निवृत्त माणूस पेन्शनची वाट बघत राहिला. निवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाची सोय आली ती 2025 मध्ये. त्याने नवे कागद येणं थांबेल. आधीच्या फाइली मात्र हातानेच उघडाव्या लागणार.

अशी एक फाइल स्कॅन करायला घेतली तर पहिलं काम गंजलेल्या पिना काढायचं. ओढली की पानाचा तुकडाच पिनेबरोबर येतो, म्हणून पातळ पट्टी सरकवून पाय सरळ करायचे. कार्बन कॉपीचा झिरझिरीत कागद असेल तर खाली पांढरा कागद घालायचा, नाहीतर मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळतात. 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके धरून, अमेरिकी लेटर आकाराच्या एका पानाचे सुमारे 84 लाख ठिपके होतात. संगणक त्यांतली छापील अक्षरं बऱ्यापैकी ओळखतो. समासातला हाताने लिहिलेला शेरा, शिक्क्याखाली दबलेली तारीख इथे तो चुकतो. आणि नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेतला 1 जर 7 वाचला गेला, तर सेवेची वर्षं बदलतात आणि पेन्शनही.

मला वाटतं, खरा खर्च आणि खरी कसोटी इथेच आहे. प्रतिमा कुठल्या माणसाची, कुठल्या खात्यातली, कुठल्या वर्षाची हे नीट नोंदवलं नाही तर अंधाऱ्या दालनाऐवजी ती सर्व्हरवर हरवते, एवढाच फरक. म्हणून महत्त्वाचे आकडे दोन जणांनी वेगवेगळे टंकायचे आणि जिथे जुळत नाहीत तिथे तिसऱ्याने मूळ कागद उघडून बघायचा. तो बघता यावा, यासाठी 70 मीटर खालची ती गार दालनं अजून लागतात.