डॅशवरचा हॉर्सपॉवर मीटर: आकडा खरा किती?

काचेवर चिकटवलेला मीटर किंवा ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटला) जोडलेलं ॲप डायनोइतकंच (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राइतकंच) अचूक, हा समज गोव्यातल्या गॅरेजांतही ऐकू येतो. तो चूक आहे. ही यंत्रं ताकद मोजतच नाहीत. बहुधा वजन गुणिले त्वरण गुणिले वेग, असा हिशेब मांडतात.

म्हणजे वजन चुकलं की सगळंच चुकलं. १,००० किलोच्या गाडीत मिळून १४० किलोची दोन माणसं धरायची राहिली, तर आकडा सुमारे १२ टक्के कमी येतो. म्हणून माणसं आणि इंधनासकट वजनकाट्यावर गाडी तोला. जुवारी पुलाच्या चढावर तर चाचणी नकोच: १,१०० किलोच्या गाडीला ताशी ८० किमीला नुसता १ टक्का चढ ३ एचपी खातो, उताराला तेवढेच फुकटात मिळतात. त्यात वेग घेताना गाडीचं नाक उचलतं; १ अंशाच्या झुकावाने मीटरमधला त्वरणमापक ०.०१७ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) जास्त दाखवतो. ०.२ जी त्वरणाला ही चूक जवळजवळ ९ टक्के!

कंपनीचा आकडा इंजिनचा, मीटरचा चाकांवरचा, तोही बहुधा हवेचा अवरोध न धरता. दोघांची तुलना व्यर्थ.

फिल्टर बदलण्याआधी-नंतरचा फरक पाहायला मात्र मीटर कामाचा. सपाट, मोकळा, कोरडा रस्ता, तोच गिअर, एसी बंद, टायरची हवा तीच. दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या आणि सरासरी. फेऱ्याफेऱ्यांतच ५ एचपीचा फरक पडत असेल, तर फिल्टरने ‘वाढवलेले’ ३ एचपी विसरा.